पॉइंट नसलेला मुलूख

मराठी मध्यमवर्गाने निसर्गाचे एक माप फार पूर्वीच कायम करून टाकले आहे आणि त्या मापाचे नाव आहे पॉइंट. इंग्रज साहेब महाबळेश्वरच्या कड्याकड्यांवर हवा खात उभा राहिला आणि जेथे उभा राहिला तेथे एखाद्या गव्हर्नराचे, सेनापतीचे किंवा कोणाच्या कन्येचे नाव ठेवून मोकळा झाला. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानावर चढले आणि पुढे त्या एवढ्याशा डोंगरमाथ्यावर तीसांहून अधिक पॉइंट निघाले. यथावकाश साहेब आपल्या मुलखी परत गेला, परंतु पॉइंट तेवढे आपल्या पदरात टाकून गेला. तेव्हापासून थंड हवेच्या ठिकाणाहून परतलेल्या कुटुंबास 'कसे वाटले?' असे कोणी विचारीत नाही. 'किती पॉइंट झाले?' असेच विचारतात, आणि एखादा धुक्यामुळे राहून गेला असल्यास ऐकणारा इतक्या मनःपूर्वक हळहळतो की, ज्याचा राहिला त्यालाही तोवर न झालेले दुःख होऊ लागते.

अशा संस्कारांत वाढलेली माणसे कच्छच्या छोट्या रणात गेली म्हणजे काय होते, याची हकीकत मी येथे नमूद करीत आहे. साक्षीदार म्हणून मी स्वतः जातीने हजर होतो. फिर्यादी माझे मेहुणे.

मोहीम मूळची मेहुण्यांच्या चिरंजीवांची. हा मुलगा पक्षी पाहतो. पूर्वी घरातला मुलगा हाताबाहेर गेला म्हणजे नाटक कंपनीत जात असे. आता तो पहाटे उठून पाणथळ जागी जातो, आणि त्याला कोणी बोलूही शकत नाही, कारण पहाटे उठणे हा सद्गुण असल्याचे आपणच त्याला लहानपणापासून सांगत आलेलो असतो. त्याने एके दिवशी जेवताना जाहीर केले की, गुजरातेत घुडखर अभयारण्य या नावाचा सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरांचा मुलूख आहे, १९७३ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि भारतीय रानगाढव हे जनावर मुख्यत्वेकरून तेथेच उरलेले आहे.

"गाढवं?" मावशींनी विचारले. मावशी म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या मावशी. सहलीचे नाव निघाल्यावर त्या घरी थांबल्या आहेत असे आजवर घडलेले नाही. "गाढवं बघायला एवढ्या लांब कशाला? पौष पौर्णिमेला जेजुरीला बाजार भरतो, तिथे हवी तेवढी बघ."

"आजी, ती पाळीव. ही रानातली. पाळीव गाढवांचे पूर्वज आफ्रिकेतले. यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही."

"जेजुरीलासुद्धा काठेवाडी गाढवंच जास्त भावानं जातात," मावशी म्हणाल्या, आणि हे अक्षरशः खरे असल्यामुळे चिरंजीव आमटीकडे वळले.

मेहुणे महसूल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी सहलीची सूत्रे हाती घेतली म्हणजे तिची रीतसर मिसल तयार होते. त्यांनी एक तक्ता आखला. त्यात तारीख, वार, वाहन, न्याहारी आणि पॉइंट असे रकाने होते. बाकीचे सर्व भरले, शेवटचा तेवढा कोरा राहिला. आणि कोरा रकाना पाहून ज्यांची झोप उडते अशा पिढीचे ते असल्यामुळे त्यांनी रणाच्या काठी जेथे आमचा मुक्काम व्हावयाचा होता तेथील मालकांस फोन लावला.

"आपके यहाँ पॉइंट कितने हैं?"

"साहेब, सवारे सफारी, सांजे सफारी."

"वो ठीक है. बीच में क्या देखने का?"

"बीच में आराम."

मेहुण्यांनी शेवटच्या रकान्यात 'आराम' असे लिहिले, खोडले, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून तो विषय प्रलंबित ठेवला. मावशींनी दरम्यान शिधासामग्रीची तजवीज केली होती. मेथीचे लाडू, दशम्या, लसणीची चटणी, पेरू आणि परप्रांतात कसे मिळेल सांगता येत नाही म्हणून मिठाची एक भरलेली पिशवी, एवढा सरंजाम त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतला.

विरमगामला पहाटे उतरलो तेव्हा वाळवंट म्हणजे उकाडा ही आमची समजूत फलाटावरच गळून पडली. सर्वांनी उन्हाच्या टोप्या आणल्या होत्या. एकट्या मेहुण्यांनी माकडटोपी आणली होती, आणि दसाड्याच्या रस्त्याने उघड्या जीपमधून जाताना आमचे कान जसजसे बधिर होऊ लागले तसतशी मेहुण्यांच्या मुखावर, म्हणजे टोपीतून जेवढे दिसत होते तेवढ्या मुखावर, महसुली दूरदृष्टीची प्रभा फाकू लागली.

वनखात्याच्या चौकीवर ओळखपत्रे दाखवून परवाना घ्यावयाचा असतो. इतर पर्यटक तो घेऊन खिशात घालतात. मेहुण्यांनी त्यावरील सर्व अटी आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्याने वाचल्या आणि कारकुनाच्या अक्षराची तारीफ केली. सूर्य वर येत होता, चिरंजीव जीपमध्ये दातओठ खात होते.

"एकंदर जनावरं किती?" मेहुण्यांनी विचारले.

"२०२४ च्या गणतीत ७,६७२."

"दोन! सात हजार सहाशे सत्तरवर दोन!" मेहुणे सद्गदित झाले. "याला म्हणतात पाहणी. आमच्याकडे पीकपाहणी घरी बसून होत असे."

१९६० च्या सुमारास सर्रा नावाच्या रोगाने आणि घोड्यांच्या एका आफ्रिकी साथीने ही जमात इतकी खालावली होती की, शेवटी काही शेकडाच जनावरे हयात राहिली. तेथून संख्या साडेसात हजारांवर येते, हे कोणत्याही खात्याच्या अहवालात लाल शाईने लिहावे असेच काम आहे, आणि मेहुण्यांनी तसे त्या कारकुनास दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगण्यापूर्वी आम्ही त्यांना जीपमध्ये घेतले.

जीप सुटली. गुजरातेत जिला गांडो बावळ म्हणतात ती वेडी बाभूळ मागे पडली, मग खुरटे गवत मागे पडले, आणि मग मागे पडण्यासारखे काहीच उरले नाही. चहूंकडे सपाट, मातकट, भेगाळलेली जमीन. मध्येच क्षाराचा पांढरा पापुद्रा, तोही पायाखाली करकरण्यापुरता. अख्ख्या गोव्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,७०२ चौरस किलोमीटर. तो संपूर्ण गोवा, त्यातील देवळे, चर्च आणि खाणावळी यांसह, येथे आणून ठेवला तरी कडेने हजारावर चौरस किलोमीटर जागा शिल्लक राहील, आणि त्या जागेत टेकावयास एक दगड मिळणार नाही.

"आता पहिला पॉइंट कोणता?" मेहुण्यांनी विचारले.

"साहेब, आ रण," चालक म्हणाला.

"हो, पण रणात कुठे?"

चालकाने चारी दिशांना नजर फिरविली, कालपासून आजपर्यंत काही नवीन उगवले आहे काय हे त्याला पाहावयाचे होते. काही उगवलेले नव्हते. तेव्हा मेहुण्यांनी आपल्या भात्यातील अखेरचा बाण काढला.

"बरं, या जमिनीचा सर्व्हे नंबर काय?"

"झीरो, साहेब."

ही थट्टा नव्हती. या रणाची जमीन-मोजणी वर्षानुवर्षे झालीच नाही, आणि म्हणून तिला 'सर्व्हे नंबर शून्य' असेच म्हणत आले आहेत. ज्या पुरुषाने अर्ध्या गुंठ्याच्या बांधावरून सख्ख्या भावांत लागलेले दावे ऐकण्यात आपली हयात घालविली, त्याच्यासमोर ना बांध, ना बुरूज, ना कूळ, ना कब्जा अशी अफाट जमीन पसरली होती आणि तिच्यावरून भांडावयास आसपास कोणी नव्हते. मेहुण्यांनी माकडटोपी काढली. ती आदराने काढली की एव्हाना घाम सुटल्यामुळे, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

ऊन चढू लागले आणि सौभाग्यवतींना तलाव दिसला. काठी झाडे, मध्ये निळेशार पाणी. "हा घ्या! लेक पॉइंट!" मेहुणे ओरडले, आणि चालकास तिकडे जाण्याचा हुकूम झाला. चालकास सर्व ठाऊक असावे; परंतु उतारूंच्या आनंदात व्यत्यय आणणे हा त्याचा धंदा नव्हता. आम्ही जितके पुढे गेलो तितका तलाव मागे गेला. आम्ही थांबलो, तोही थांबला. आम्ही उजवीकडे वळलो, तर तो तेथे आमच्या आधी जाऊन बसला होता. बऱ्याच वेळाने मेहुणे गंभीरपणे म्हणाले, "पाणी ओसरतंय."

"बाबा, मृगजळ आहे ते. जमिनीलगतची हवा तापली की प्रकाशकिरण वाकतात."

आम्ही सर्वांनी शाळेत या विषयावर आकृतीसह उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळविलेले होते. परंतु प्रत्यक्ष भेटल्यावर ते कोणीही ओळखले नाही. मेहुण्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, येथे पाणी खरोखर असते. पावसाळ्यात बनास, रूपेण इत्यादी नद्या आणि खाडीतून आत घुसणारा समुद्र मिळून हे रण भरून टाकतात, आणि रानगाढवांना 'बेट' म्हणविणाऱ्या उंचवट्यांवर बिऱ्हाड हलवावे लागते. सारांश, मेहुण्यांचा तलाव खोटा नव्हता. त्याची तारीख चुकली होती.

चिरंजीवांचा व्यवसाय इकडे तेजीत होता. मातकट जमिनीवर मातकट ढेकूळ असते आणि त्यांपैकी काही ढेकळे अकस्मात उडून जातात. जी उडतात त्यांना चंडोल म्हणतात, एवढे पक्षिशास्त्र आम्ही लवकरच आत्मसात केले. अडचण दिशेची होती. पक्षी पाहणारी मंडळी दिशा घड्याळाच्या काट्यांवरून सांगतात, आणि हा संकेत आमच्या पिढीस कोणी कळविलेला नव्हता.

"अकरा वाजता, होबारा!" चिरंजीव कुजबुजले. होबारा म्हणजे थंडीत येथे येणारा माळढोकाच्या कुळातला एक दुर्मीळ पाहुणा. तो दिसावा म्हणून लोक नवस करतात.

मेहुण्यांनी मनगट पाहिले. "आत्ता तर पावणेनऊ झालेत. तोपर्यंत एक एक लाडू खाऊन घेऊ."

डब्याचे झाकण निघाले. त्या विस्तीर्ण शांततेत ते असे वाजले की होबारा जो उडाला तो बहुधा मध्य आशियातच उतरला असेल. चिरंजीवांनी लाडू नाकारला. मावशींनी तो स्वतः घेतला.

आणि मग रानगाढवे आली. प्रथम मृगजळात फक्त पाय दिसले, वाजवीपेक्षा दुप्पट लांब; मग त्या पायांवर हळूहळू जनावरे येऊन बसली. फिकट तांबूस पाठ, पांढरेशुभ्र पोट, ताठ उभी आयाळ आणि पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत ओढलेली गर्द तपकिरी रेघ, तिलाही दोन्ही बाजूंनी पांढरी किनार. एक शिंगरू आईच्या पोटाखाली तोंड घालून उभे होते, आणि आई आमच्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात कुतूहल नव्हते, हिशेब होता.

"अगं बाई, काय गोरं आहे!" मावशी उद्गारल्या. "जेजुरीला चांगले पैसे आले असते याचे."

चालक प्रथमच दुखावला. "आ गधेडुं नथी, बा. घुडखर छे."

आम्ही जवळ जाण्याचे ठरविले. रानगाढवांनी अंतर ठरविले. जीप दहा पावले सरकली की कळपही बरोबर दहा पावले सरके, त्यात घाई नसे, भीती नसे आणि सवलतही नसे. हे जनावर मनात आणील तर ताशी सत्तर किलोमीटरांच्या आसपास धावते. आमच्या जीपने तो वेग घेतला असता तर तिचे निम्मे भाग मागे राहिले असते. याचा पाठलाग करण्याची हौस थोरामोठ्यांनाही आवरलेली नाही. रानगाढवांच्या शिकारीत रंगलेला अकबर बादशहा वाळवंटात लवाजम्यापासून तुटला आणि तहानेने व्याकूळ होऊन बसला, त्याचे चित्रच अकबरनाम्यात काढून ठेवलेले आहे. बादशहाजवळ निदान लाडूंचा डबा नसावा. माझ्यापुरते बोलावयाचे तर मी पुष्कळ छायाचित्रे घेतली, आणि ती पाठीवरची रेघ शेपटीपाशी नेमकी कशी संपते या विषयावर माझ्याइतका पुरावा फार थोड्या अभ्यासकांच्या संग्रही असेल.

"रात्री मारा खेतरमां आवे," चालक सहज म्हणाला. रणाच्या काठच्या शेतांत ही जनावरे रात्री शिरून पिके फस्त करतात, आणि शेतकऱ्याला थंडीत राखण करीत बसावे लागते. मेहुण्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. जे जनावर पाचशे कदमांवरून दाखविण्यासाठी हा गृहस्थ दिवसा आमच्याकडून पैसे घेत होता, तेच त्याला रोज रात्री हाकेच्या अंतरावर फुकट दिसत होते, आणि त्याला ते अजिबात नको होते.

दुपारनंतर बजाण्याच्या बाजूच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे दिसले. गुलाबी रेघ क्षितिजावर हलत होती. चिरंजीव निःशब्द झाले, सौभाग्यवती निःशब्द झाल्या, मीही होण्याच्या बेतात होतो.

"हे तर शिवडीला दिसतात," मावशी म्हणाल्या. "बसच्या तिकिटात."

तेथून पुढे मिठागरे लागली. ऑक्टोबरात पाणी आटले की अगरिया कुटुंबे मुलाबाळांसह रणात येऊन राहतात, जमिनीखालचे, समुद्राहूनही कितीतरी पट खारट पाणी पंपाने उपसून वाफ्यांत सोडतात, आणि उन्हाळा येईपर्यंत तो वाफा लांब दांड्याच्या लाकडी दाताळ्याने रोज ओढीत राहतात, तेव्हा कोठे मिठाचे टपोरे खडे धरतात. पिण्याचे पाणी मात्र टँकरने यायचे. इतके करून किलोमागे त्यांच्या पदरात पडते ती रक्कम रुपयांत मोजण्याजोगी नसते. एका झोपडीपुढे आम्हांस आग्रहाने बसविले गेले आणि बशीतून चहा आला.

"शुं जोवा आव्या?" यजमानाने विचारले.

"गाढवं," मावशींनी प्रांजळपणे सांगितले, आणि पाहुणचाराची परतफेड म्हणून त्याच्या लहान मुलीसाठी पेरू चिरला. पेरू चिरला म्हणजे मीठ हवेच. मावशींनी पिशवी सोडली, तीत हात घालून मिठाची चिमूट काढली आणि फोडींवर भुरभुरली. मुलीने त्या पिशवीकडे पाहिले. मग मान वळवून आपल्या पाठीमागे, आपल्याहून उंच अशा मिठाच्या ढिगाकडे पाहिले. मग वडिलांकडे पाहिले. वडिलांनी डोळ्यांनीच तिला गप्प राहण्याची ताकीद दिली. देशातील मिठाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक हिस्सा गुजरातेतून येतो, म्हणजे ती पिशवीसुद्धा फार करून याच प्रांतातून निघून मुंबईस आली होती आणि मावशींच्या खर्चाने आता माहेरी परत आली होती. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण उठता-बसता म्हणतो. ते मीठ कोणाचे, याचा पत्ता आम्हांस त्या दिवशी प्रथम लागला, आणि मेहुण्यांनी चहाची बशी दोन्ही हातांनी परत केली.

दिवस कलला. परतताना मेहुण्यांनी तक्ता उघडला. पॉइंटाचा रकाना अद्याप कोरा होता, आणि सोसायटीतील मंडळी विचारणार होती. "एखादा तरी असेल ना हो? सनसेट तरी?"

चालकाने त्यांच्याकडे क्षणभर पाहिले, ब्रेक दाबला, खाली उतरला, टाचेने जमिनीवर एक फुली ओढली आणि म्हणाला, "सनसेट पॉइंट."

त्या फुलीने जादू केली. दिवसभर जी माणसे जीपमध्ये आखडून बसली होती ती खाली उतरली, फुलीभोवती गोळा झाली, रांगेने उभी राहून तिच्यावरून छायाचित्रे काढून घेऊ लागली. फुलीपासून वीस पावलांवरही सूर्य तेवढाच लाल होता, पण तिकडे कोणी फिरकले नाही. मागून दुसरी एक जीप आली, तीत पुण्याची मंडळी होती, "हाच का सनसेट पॉइंट?" त्यांनी विचारले, आणि आम्ही अभिमानाने होकार देऊन त्यांना जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या जीपपासून पुष्कळ दूर, भलत्याच बाजूला, आमचाच चालक दुसऱ्या एका कुटुंबासमोर टाचेने काहीतरी ओढताना मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसला. मी ते मेहुण्यांस सांगितले नाही. त्यांच्या मिसलीत तो पॉइंट मंजूर होऊन गेलेला आहे.

हे अभयारण्य दरसाल १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते. त्या अवधीत रणात पाणी भरते, गाढवे बेटांवर राहावयास जातात, माद्यांना शिंगरे होतात, आणि ही सर्व कार्ये एकाही पर्यटकाच्या उपस्थितीवाचून यथासांग पार पडतात. वाचकांनी जावयाचे ते उरलेल्या महिन्यांत, शक्यतो थंडीत जावे. कानटोपी न्यावी, दुर्बीण न्यावी, पाणी भरपूर न्यावे. मीठ मात्र नेऊ नये.